वाऱ्याचा चढ

खाडीकाठच्या बांधावरून खडीची वाट जाते, जेमतेम एका सायकलीपुरती. दोन्ही बाजूंना पाणथळ, उंचवटा कुठेच नाही. काल सायकलवरून वाऱ्याशी झुंजत चाललो होतो. समोरून कॅरिअरला मासळीची टोपली बांधून एक बाई सायकलवरून आल्या आणि माझ्याआधी उतरून कडेला उभ्या राहिल्या.

"ओझं तुमच्याकडे आहे, तुम्ही या," मी म्हणालो.

"वारा तुमच्या तोंडावर आहे. इथं पाठीवर वारा असेल त्यानं उतरायचं."

घाटात चढणाऱ्याला वाट देतात. सपाट मुलखात चढ नसतो असं मी धरून चाललो होतो. असतो; फक्त तो दिवसभरात दिशा बदलतो.

परतताना वारा पाठीशी होता. लांबून कुणीतरी हँडलवर वाकून येत होतं. मी लगेच उतरलो.