शिवणबाईंच्या हातची भाषा

गेल्या वर्षी खुणांच्या भाषेचं एक जाडजूड पुस्तक निघालं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, आणि सुरुवातीलाच समितीवरच्या मान्यवरांची लांबलचक नावं. माझी आई आणि तिच्या पिढीचे सगळे बहिरे लोक ज्या खुणांनी बोलतात, त्या सगळ्या त्यात आहेत. त्या आल्या कुठून? तर प्रस्तावनेत म्हटलंय, "परंपरेने चालत आलेल्या." परंपरेने म्हणे! अहो, त्या परंपरेला गुडघेदुखी होती. ती जाड भिंगांचा चष्मा लावायची, तोंडात टाचण्या धरायची आणि पोरांनी नवीकोरी विजार फाडून आणली की टप्पल मारायची. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. घरात मला एकटीलाच ऐकू येतं आणि तोंडही चांगलं चालतं, म्हणून हे सांगायचं काम माझ्याकडे आलं.

आई लहान असतानाच तिला बहिऱ्या मुलांच्या शाळेत ठेवलं. राहणं, जेवण, शिकणं सगळं तिथेच. दगडी इमारत, लांब व्हरांडा, लाकडी जमिनीचे वर्ग. तिथले मुख्याध्यापक म्हणजे मोठे सर. माणूस भला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्यांचा राग येईल. पोर आजारी पडलं तर सर स्वतः उशाशी बसून औषध पाजायचे. फक्त त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली होती की बहिऱ्या मुलाने हात हलवले की त्याची जीभ कायमची आळशी होते. त्या काळी भल्याभल्यांना असंच वाटायचं. म्हणून शाळेत खुणा बंद.

बाकीच्या शाळांत हाताची घडी, तोंडावर बोट. इथे हाताची घडी आणि तोंड सताड उघडं. वर्गात हात मांडीखाली दाबून बसायचं. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून 'प' म्हणायचा, पट्टी हलली तर शाबासकी. शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्याला बोटं लावून 'ग' शोधायचा. प्रश्न सरांच्या ओठांवरून वाचायचा आणि उत्तर पूर्ण वाक्यात, मोठ्याने द्यायचं. यात आई सगळ्यांत हुशार. तिचे उच्चार इतके स्वच्छ की पाहुणे आले की सर तिलाच पुढे करायचे, आणि तिलाही ते भारी आवडायचं. आपण काय म्हणतोय ते आपल्याला ऐकू येत नाही, पण समोरच्याचा चेहरा खुलतो, एवढं तिला कळायचं.

शिवणबाई याच शाळेत कपडे दुरुस्त करायला होत्या. त्याही जन्माच्या बहिऱ्या. दया येऊन सरांनीच त्यांना कामावर घेतलं होतं आणि शिवणखोलीच्या मागची एक खोली राहायला दिली होती. सरांना एक ठाऊक नव्हतं. बाईंचे आजोबा बहिरे, वडील बहिरे, आत्या बहिरी. त्या घरात सगळं बोलणं हातांनीच चालायचं, भांडणंसुद्धा. त्या घरात एक ऐकू येणारा जावई आला तेव्हा बिचाऱ्याची सगळ्यांना कीव आली होती म्हणे.

शाळेत येणारी पोरं मात्र ऐकणाऱ्यांच्या घरांतून यायची. प्रत्येकाच्या गाठीला आईने शिकवलेल्या चारदोन खुणा. एकाचं 'पाणी' दुसऱ्याला कळायचं नाही. एकाची 'आई' कपाळाला हात लावायची, दुसऱ्याची नाकाला, तिसऱ्याला आईसाठी खूणच नव्हती, तो नुसता दाराकडे बघायचा. फाटका सदरा घेऊन पोर शिवणखोलीत आलं की बाई एका हाताने कापड धरायच्या आणि दुसऱ्या हाताने बोलायच्या. कुणाची खूण सोपी आहे ते बघून तीच सगळ्यांना द्यायच्या. नसेल तिथे घरची द्यायच्या. घरातही नसेल तर करायच्या. 'का' ही खूण त्यांनी दिली. त्याआधी त्या शाळेतल्या एकाही पोराला 'का' असं विचारता येत नव्हतं. आई सांगते, ती खूण मिळाल्यावर ती दोन दिवस बाईंच्या मागे मागे फिरत होती. आभाळ निळं का, माझे बाबा मला इथे ठेवून गेले का, मेलेली मांजर उठत नाही का. बाई शिवण बाजूला ठेवून उत्तरं देत होत्या. वर्गात शिकलेल्या बोलण्यात आईने तोवर फक्त फळांची आणि रंगांची नावं पाठ केली होती.

मग व्हायचं तेच झालं. पोरं मुद्दाम बटणं तोडायला लागली. कॉलर फाडायची, खिसे उसवायची. देखरेख करणाऱ्या बाई कपाळाला हात लावायच्या, "ही कार्टी बटणं खातात की काय!" आणि शिवणखोलीच्या दारात रांग लागायची.

सर दिसले तर? त्याची भीती फारशी नव्हती. जमीन लाकडी होती आणि सरांचे बूट जड होते. ते व्हरांड्यात वळले की पोरांच्या तळपायांना कळायचं आणि हात झटकन मांडीखाली जायचे. ऐकणाऱ्यांना वाटतं भिंतींना कान असतात. इथे जमिनीलाच होते.

घात झाला तो बाईंच्या अतिशहाणपणाने. स्वयंपाकघरातल्या मावशींनी एकदा त्यांना हातवारे करून बजावलं की तुमच्या खोलीत पोरं असतात, पण मशीनचा आवाज येत नाही, सरांच्या ते लक्षात आलंय. बाईंनी आवाज म्हणजे काय ते आयुष्यात अनुभवलेलं नव्हतं, पण ऐकणाऱ्या लोकांना तो आला की बरं वाटतं, एवढं त्यांना माहीत होतं. त्या दिवसापासून त्या सुईखाली कापड न घालता मशीन पायाने नुसतीच चालवायला लागल्या. खाली पाय, वर गप्पा. बाहेरून वाटावं, काम जोरात चाललंय. आता ती जुनी अवजड मशीन सुरू झाली की सगळी जमीन हादरायची. त्या हादऱ्यात सरांचे बूट कुणाच्याच पायांना कळले नाहीत. दार उघडलं तेव्हा आठदहा पोरांचे हात हवेत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

पण सर न्यायी होते ना! पोरं कपडे कुठे फाटले ते दाखवत असतील, असंही त्यांच्या मनात आलं. त्यांनी बाईंना विचारलं, तर बाईंनी मान हलवून साफ नाही म्हटलं. नाही म्हणणारच. ही जागा गेली तर त्यांना राहायला खोली नव्हती, आणि पोरांना बोलायला कुणी नव्हतं. नुसत्या संशयावरून कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही म्हणून सरांनी विश्वस्तांना बोलावलं. सगळी शाळा सभागृहात उभी केली. बाई मागच्या भिंतीपाशी. आणि सरांनी साक्षीला बोलावलं ते त्यांच्या सगळ्यांत लाडक्या विद्यार्थिनीला, माझ्या आईला.

आई अकरा वर्षांची होती. चार परके पाहुणे खुर्च्यांवर बसलेले, सर समोर, उजेड त्यांच्या तोंडावर. तिला वाटलं, नेहमीसारखा कार्यक्रम आहे. सरांनी सावकाश विचारलं, "शिवणखोलीत तुम्हाला खुणा कोण शिकवतं?"

वाक्य लांब होतं. आईने ते एका फटक्यात वाचलं. तिला इतका आनंद झाला की विचारू नका. तिने छाती भरून श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात पूर्ण वाक्य म्हटलं, "आम्हाला शिवणबाई खुणा शिकवतात."

एक विश्वस्त शाळेत पहिल्यांदाच आले होते. बहिरी मुलगी इतकं स्वच्छ बोललेली बघून त्यांना राहवलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बाकीच्यांनीही वाजवल्या. आईने खुशीत मागे वळून बघितलं. भिंतीपाशी शिवणबाईसुद्धा टाळ्या वाजवत होत्या. त्यांच्याकडे बघितलं आणि तेव्हा कुठे आईला आपण काय बोललो त्याचा अर्थ लागला.

संध्याकाळी बाईंनी सामान बांधलं. जाताना पटांगणात त्यांनी ट्रंक खाली ठेवली आणि सगळ्यांच्या देखत, सर व्हरांड्यात उभे असताना, आईला दोन्ही हातांनी खुणेने म्हटलं, "छान बोललीस हं." आई तिथून पळून गेली.

तो टोमणा आईच्या काळजात रुतून बसला. शाळा सुटली, ती मोठी झाली, कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या कामाला लागली. शिवणबाई तोवर बाजारामागे एका माडीवरच्या खोलीत शिवणकाम करून राहत होत्या. शहरातले झाडून सगळे बहिरे लोक रविवारी तिथे जमायचे. लग्नं तिथे ठरायची, भांडणं तिथे मिटायची, नव्या खुणा तिथे घडायच्या आणि सोमवारी सगळ्या गावात जायच्या. आई त्या गल्लीतूनसुद्धा जायची नाही. माझे बाबा छापखान्यात होते. त्यांचं आणि आईचं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी हट्टच धरला की बाईंना भेटल्याशिवाय लग्न करायचं नाही. आईने त्यांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "मग माफी माग आणि मोकळी हो."

आई गेली. खोली माणसांनी गच्च. बाईंनी तिला लगेच ओळखलं, तिच्या गालांवरून हात फिरवला. बाईंचे केस पांढरे झालेले, चष्मा तोच. आईने घाबरत खूण केली, "मला माफ करा."

बाई म्हणाल्या, "कशाबद्दल?"

"त्या दिवशी सभागृहात मी जे बोलले त्याबद्दल."

"काय बोललीस? तुझी पाठ होती माझ्याकडे. मला ओठ थोडेच दिसले? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हटलं पोरीने कविताबिविता म्हटली असेल. मला तर सरांनी आधीच स्वतःच्या डोळ्यांनी बघून पकडलं होतं की, त्यावरूनच काढलं असं मी धरून चालले."

म्हणजे तो टोमणा नव्हता. ते खरंखुरं कौतुक होतं. बाईंना काही माहीतच नव्हतं! आईच्या शेजारी बाबा उभे होते. त्यांनी चटकन आईचे दोन्ही हात धरले. बहिऱ्या माणसाचे हात धरणं म्हणजे तोंडावर हात ठेवणं. आता कशाला उकरून काढतेस, गप्प बस. आईने हात सोडवून घेतले आणि सगळं सांगितलं, त्या वाक्यासकट, भरल्या खोलीसमोर.

बाईंनी डोळे मिटून घेतले. आमच्यात याहून मोठी शिक्षा नाही. ऐकणाऱ्यावर दार आपटलं तरी तो बाहेरून ओरडू शकतो. मिटलेल्या डोळ्यांसमोर काय ओरडणार? आई जिना उतरली.

पुढच्या रविवारी ती परत गेली. बाईंनी तिला बघून डोळे मिटले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. बाबा म्हणाले, "सोड आता." आई म्हणाली, "त्यांचे डोळे, त्यांनी हवं तर मिटावेत. मी जाणार." माझी आई चिवट आहे, त्या बाबतीत मी तिच्यावर गेलेय. शेवटी एका रविवारी बाईंनी तिच्याकडे रोखून बघितलं आणि विचारलं, "शाळेत आता शिवणखोलीत कोण आहे?"

"एक ऐकणाऱ्या बाई होत्या. त्या सोडून गेल्या."

"मग पोरांशी कोण बोलतं?"

"कुणीच नाही."

"तू जा."

"त्या शाळेत मी पुन्हा पाय ठेवणार नाही. मला दुसरं काहीही सांगा."

"मला तुझी माफी नको," बाई म्हणाल्या. "माफी घेऊन मी काय तिला काज करू? माझी खोली गेली, ती मी दुसरी बघितली. पण त्या पोरांना दुसरं कोण होतं? इतकी वर्षं आतली पोरं मुकी बसलीत. मी अजून रागावलेली आहे, आणि राग जाईल असं मला वाटत नाही. तू जा."

आई त्या शाळेत केसांत रुपेरी झाक येईपर्यंत राहिली, आणि आज त्या पुस्तकात आहेत त्या खुणा तिच्या हाताखालून गेलेल्या पोरांनी बाहेर नेल्या. शिवणबाई त्या माडीवरच वारल्या. राग गेला की नाही ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण आजारपणात औषध फक्त आईच्याच हातून घेतलं.

ती नोकरी मागायला आई गेली तेव्हा सर म्हातारे झाले होते. तिला बघून ते खुर्चीतून उठले आणि तिला समोर बसवलं. तिला हवी ती जागा ते देणारच होते, फक्त नियम म्हणून एक प्रश्न विचारायचा होता. त्यांनी उजेडाकडे तोंड केलं आणि पूर्वीसारखंच सावकाश विचारलं, "तू मुलांना खुणा शिकवणार नाहीस ना?"

आईने ते एका फटक्यात वाचलं. मांडीखालचे हात घट्ट दाबले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, "नाही सर. मी मुलांना कधीही खुणा शिकवणार नाही."

एकेक अक्षर स्वच्छ. सरांचे डोळे भरून आले. त्यांनी खणातून शिवणखोलीची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.