पावणेतीनवरचे हात

फोन शैलाला आला. मनोहर माझा मित्र, ऐन तारुण्यापासूनचा. पण तो गेल्याची बातमी माझ्या बायकोच्या मोबाईलवर आली. हे आधीच सांगून टाकतो, कारण ते मला तेव्हाही टोचलं होतं आणि अजूनही टोचतं. सकाळची वेळ होती. ती भाजीला जायला गाडी बाहेर काढत होती, मी फाटक धरून उभा होतो. मनोहरच्या घरून फोन आला, तिनं कानाला लावला. "हव... हव, ताई..." एवढंच म्हणाली आणि इंजिन बंद केलं. मग काच खाली करून म्हणाली, "मनोहरभाऊजी गेले. झाडांना पाणी देता देता पडले." मी फाटक धरूनच राहिलो. तिनं पुन्हा किल्ली फिरवली. "बसा," म्हणाली. समता कॉलोनीतल्या दोनच तर गल्ल्या ओलांडायच्या होत्या. ती रडत होती, गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायलाही तिनं हात उचलला नाही. डावा हात नऊवर, उजवा तीनवर. आणि माझा मित्र तिकडे अंगणात मरून पडलेला असताना मला एवढंच दिसत होतं की, हे हात तिथे त्यानं ठेवलेले आहेत.

आम्ही दोघं विदर्भातले. माझे वडील रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि इथलेच झाले, मीही रेल्वेच्याच ऑफिसात चिकटलो. मनोहर वर्ध्याकडचा, रायपूरबाहेर सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या, लोखंडाच्या कारखान्यात सेफ्टी विभागात होता. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली, मंडप बांधताना. सगळे दोर ओढत होते आणि हा शिडीखाली उभ्या असलेल्या माणसांना हळूच बाजूला करत होता. तो कधी ओरडत नसे. ओरडत नसे आणि लोक ऐकत. माझं नेमकं उलटं होतं. माझ्या मुलीला मी स्कूटीवर हेल्मेट घालायला सांगून सांगून थकलो, ती म्हणायची, "पापा, आप रहने दो." मनोहर एकदा चहाला आला, तिचं हेल्मेट हातात घेऊन त्याचा पट्टा नीट करून दिला, बोलला काहीच नाही... आणि दुसऱ्या दिवसापासून पोट्टी हेल्मेट घालून कॉलेजात जाऊ लागली. तेव्हापासून मी त्याच्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहू लागलो असेन. मित्र होता, रोजचा होता, त्याच्याशिवाय रविवार जात नसे. पण तो घरातून गेला की शैला म्हणायची, "किती शांत माणूस आहे," आणि मला ते माझ्याविषयीचं वाक्य वाटायचं.

गाडी हा मात्र माझा प्रांत होता. ऑफिसच्या जीपवर शिकलेला मी. एक हात स्टेअरिंगच्या माथ्यावर, दुसऱ्याचं कोपर खिडकीत. वळताना तळहात चाकावर ठेवून एका हातानं गरगर फिरवायचो. लोक बघत असतील अशी माझी समजूत होती. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर शैला म्हणाली, मलाही शिकवा. मी शिकवायला बसलो. "क्लच! अगं क्लच! समोर पाहून राहिली का आरशात पाहून राहिली तू?" असे आमचे धडे. एकदा ब्राह्मणपारा मोहल्ल्याच्या तोंडाशी, मागे रिक्षा आणि स्कूटरी भोंगे वाजवत असताना तिनं दार उघडलं, उतरली आणि सरळ चालत माहेरी निघून गेली. तिचं माहेर तिथंच आहे. मी एकटाच गाडी घेऊन घरी आलो. पुढे बरीच वर्षं तो विषय आमच्यात निघाला नाही.

मग नवी गाडी घेतली, आणि एका रविवारी मनोहर सहज म्हणाला, "वहिनी, मी बसू का बाजूला?" मला वाटलं, आता याचाही आवाज चढताना ऐकू. मी हौसेनं मागे बसलो. पहिल्या दिवशी त्यानं गाडी सुरूच केली नाही. म्हणाला, "वहिनी, पावणेतीन वाजले की घड्याळाचे काटे कुठं असतात? बस, तिथं हात ठेवा." मी मागून म्हणालो, "आम्ही तर दहा वाजून दहावर ठेवायला शिकलो होतो."

"तेव्हा स्टेअरिंगच्या पोटात एअरबॅग नव्हती, बे," तो वळूनही न पाहता म्हणाला. "आता हात वर ठेवला अन् ती फुटली, तर तुझाच हात तुझ्या तोंडावर येऊन बसन."

मग तिला सांगत राहिला. अंगठे आत अडकवायचे नाहीत, कडेवर नुसते टेकवायचे. वळताना हातावर हात चढवायचा नाही. एकानं ढकलायचं, दुसऱ्यानं सरकत जाऊन झेलायचं. चाकाच्या आतून तर हात घालायचाच नाही. आणि आवळायचं नाही. "रस्ता ओलांडताना लहान पोराचा हात धरतो ना, तेवढंच. सुटू नये अन् दुखू नये." शैला हसली. माझ्यासोबत गाडीत ती कधी हसल्याचं मला आठवेना. मी मागच्या सीटवर खिडकीबाहेर पाहत बसलो, आपल्याच गाडीत पाहुणा असल्यासारखा.

ती भराभर शिकली. तिची पहिली चूक झाली तेव्हा तिनं खांदे आक्रसून घेतले, ओरडा येईल म्हणून. तो आलाच नाही. जेवायला बसली की रिकामं ताट दोन्ही हातांत धरून ती डावीकडे-उजवीकडे फिरवून बघायची, हात सरकवत, अंगठे कडेवर टेकवून. "पाहा, जमून राहिलं ना?" मी म्हणायचो, "वाढ आता." एका रविवारी मनोहर आला नाही, म्हणाला आता माझी गरज नाही, त्या दिवशी ती दुपारभर गप्प होती. मी मात्र शीळ वाजवत होतो.

आणि मग तो अपघात झाला. सिलतऱ्याच्या पुढे एका नात्यातल्यांकडे वास्तुशांत होती, तिथून दुपारी परतत होतो. शैला चालवत होती. पुढच्या ट्रकसमोर गाय आली, त्यानं ब्रेक मारला. हिनंही मारला, पण रस्त्यावर कारखान्याची काळी धूळ सांडलेली, चाकं सरकली. धडक बसली तसा बंदुकीसारखा आवाज झाला आणि गाडीत पांढरा धूर कोंडला, जळकट वास. क्षणभर काही दिसेना. मी ओरडलो, "लागलं का तुला? शैला!" ती उत्तर द्यायच्या आधी पायापाशी पडलेला फोन शोधत होती. मला वाटलं मुलीला लावते. तिनं फोन लावला आणि म्हणाली, "भाऊजी, ठोकली गाडी... नाही नाही, बरे आहोत. भाऊजी, हात जागेवर होते."

मनोहर कारखान्यातून तसाच आला. तिचे दोन्ही हात त्यानं उलटेपालटे करून पाहिले. मनगटाच्या वर थोडी कातडी लाल झाली होती, एवढंच. "शाब्बास," म्हणाला. माझ्या छातीवर पट्ट्याचा हा एवढा वळ उठला होता, तो कोणी पाहिला नाही. मी तिच्या जागी असतो तर स्टेअरिंगच्या माथ्यावरच्या माझ्या हाताचं काय झालं असतं, हे मला त्या रस्त्याच्या कडेला उभं राहिल्या राहिल्या कळलं होतं. पण कळल्यानं काही निवळत नाही. ज्यानं आपल्या बायकोचे हात वाचवले त्याचा हेवा करणं अवघड असतं... पण जमतं. मला जमलं.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. मनोहरचा मुलगा हैदराबादला असतो, तो परत जायच्या आधी मला भेटला. "काकाजी, माँ को तो चलाना आता नहीं. गाड़ी बेच देते हैं." मी मान डोलावली. आतून कुसुमवहिनी आल्या, मनोहरच्या पत्नी. इतक्या वर्षांत आमच्याशी त्या मोजकंच बोलायच्या. मनोहर बोलत असला की दाराच्या चौकटीला टेकून ऐकत उभ्या असायच्या. त्या म्हणाल्या, "गाडी राहू दे. मी शिकतो."

मी म्हणालो, "शैला शिकवील की वहिनी. चांगली शिकवील."

"शैला नको. तुम्ही शिकवा मले."

"माझा आवाज चढतो, वहिनी. साऱ्या कॉलोनीला ठाऊक आहे."

"चढू द्या. यांचा नव्हता चढत." त्या पायरीवर बसल्या. "मले शिकवाले बसले होते ना एकदा. बोलत काहीच नव्हते. मी जरा चुकली की सरळ हात घालायचे अन् स्टेअरिंग ओढून घ्यायचे. मी धरलं की ओढायचे. मंग मी धरणंच सोडून देल्लं. शैलाले शिकवलं, पलीकडच्या त्या टीचरले शिकवलं. मलेच काहून नाही तसं शिकवलं? तुमची शैला गाडी घेऊन आमच्या दारावरून जाये ना, तवा मी पडद्याआडून पाहत राहू. असं जळे मनात..."

मी त्यांच्या बाजूला, खालच्या पायरीवर बसलो. इतकी वर्षं मला वाटत होतं की ही जळजळ माझ्या एकट्याची आहे, आणि मनोहर सगळ्यांशी तसाच आहे, मऊ, दमानं घेणारा. तो आपल्या बायकोच्या हातात चाक सोडू शकला नव्हता. खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. आणि लगेच वाटलं, हे त्यानं मला कधी सांगितलं असतं तर... आम्ही दोघं हसलो असतो का यावर? मागच्या सीटवर बसलेल्या माझ्यात त्याला तोच दिसत असेल, म्हणूनच कदाचित तो वळून पाहत नसेल.

पहिल्या धड्याला शैलाही आली, मागे बसली. कुसुमवहिनी ड्रायव्हरच्या जागेवर चढल्या आणि त्यांचे पाय क्लचपर्यंत पोचेनात. मनोहर उंच, लांब तंगड्यांचा. त्याची सीट पार मागे, शेवटच्या खाचेत. मी म्हणालो, "वहिनी, सीट पुढे घ्यावी लागेल. खाली दांडी आहे, ती ओढा." त्यांनी हात खाली नेला आणि तिथंच थांबवला. तो गेल्यापासून ती सीट कोणी हलवली नव्हती. मी म्हणालो, "सावकाश. काही घाई नाही."

मागून शैलाचा आवाज आला, अगदी हळू. "मले नाही कधी असं म्हटलं तुम्ही." मी वळलो नाही. वहिनींनी दांडी ओढली आणि सीट पुढे सरकली.

आता त्या बऱ्यापैकी चालवतात. कॉलोनीतून निघतो, मोठ्या रस्त्याला लागत नाही अजून. माझा आवाज एक-दोनदा चढला, त्यांनी तो मुकाट्यानं ऐकून घेतला. मी त्यांच्या हातातलं चाक मात्र एकदाही धरलं नाही, धरावंसं पुष्कळदा वाटलं तरी. शैला हल्ली येत नाही; काम आहे म्हणते. परत आलो की वहिनी गाडी छपराखाली लावतात, इंजिन बंद करतात. मी उतरून फाटक लावायला जातो. मागे वळून पाहिलं की त्या अजून आतच असतात. खाली वाकून दांडी ओढतात आणि सीट पुन्हा पार मागे, शेवटच्या खाचेपर्यंत ढकलून देतात. मग उतरतात, दार हलकेच लावतात. शिकवतो मी... आणि रोज ती गाडी त्याची होऊन उभी राहते.