गादीची चड्डी

उधन्याच्या टपरीवर रोज सकाळी भेटणाऱ्या त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. मूळचा खानदेशातला, पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला, एवढंच. काहीही विचारा, "तसं काही नाही" म्हणत बशीत चहा ओतणार आणि उत्तर चहाबरोबर पिऊन टाकणार.

पलसाण्यापर्यंत तो सायकलनेच जातो, तीही बरीचशी उभ्याने चालवत. मी रविवारी हौसेने सायकलवर हजिऱ्याला जाऊन आलो की दोन दिवस बसता येत नसे, म्हणून मी बुडाखाली गादी शिवलेली सायकलची चड्डी घेतली. तशीच एक त्यालाही दिली. आत दुसरं काही घालायचं नाही, हेही लाजत लाजत सांगितलं. ती पँटवरूनच कमरेला लावून पाहत तो म्हणाला, "चांगली आहे, भाऊ."

दुसऱ्या दिवशी पुन्हा उभाच! मला काही कळेना. घट्ट होते? लाज वाटते? की मीच आगाऊपणा केला? चारदा विचारलं, चारदा "तसं काही नाही". मग मला रागच आला.

काल मी घरून लवकर निघालो, तर तो रस्त्यातच दिसला. ज्या कॅरिअरवर एरवी पिशवी बांधलेली असते, तिथे त्याची बायको बसली होती. त्याने तिला साड्यांच्या कारखान्यापाशी उतरवलं, तेव्हा कॅरिअरवर ती गादी दिसली. चड्डीतून उसवलेली, सुतळीने घट्ट बांधलेली.

मी जवळ जाऊन थांबलो. तो ओशाळला.

"मी तं उभा राहतो, भाऊ," तो म्हणाला. "तिला मागं कुठं उभी करू?"