काटकोन सर आणि पुस्तकाचा दुसरा भाग

काटकोन सर रडताहेत असं मला वाटलं, तेव्हा मी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तोवर कित्येक वर्षं आम्ही एकाच शाळेत शिकवत होतो, शिक्षकांच्या खोलीत एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना बसत होतो. पण काही माणसं टेबलखुर्चीसारखी सवयीची होऊन जातात, तसं त्यांचं झालं होतं. त्या दुपारी माझा तास रिकामा होता आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नकाशांच्या कपाटामागे एक मोडकी खुर्ची असे. तिच्यावर ते भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचे खांदे गदगदत होते. घरी काहीतरी वाईट घडलं असणार असं धरून मी पेलाभर पाणी घेऊन गेले.

"सर, जरा पाणी घ्या."

ते दचकून वळले. डोळ्यांत पाणी होतंच, नाकही लाल झालं होतं. मांडीवर मात्र एक जाडजूड पुस्तक होतं आणि त्यावर अंतराळयानाच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलेला, चष्मा लावलेला ड्रॅगन.

"जप्त केलंय," ते म्हणाले. "हल्ली मुलं काय वाचतात ते बघत होतो."

"फार वाईट आहे का?"

"अत्यंत," असं म्हणता म्हणता त्यांच्या ओठांचा एक कोपरा सुटला. तो आवरायला त्यांनी सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

सर गणित शिकवायचे आणि शाळेचे पर्यवेक्षक होते. वर्गाच्या दारात ते उभे राहिले की जमिनीशी नव्वद अंश भरत, म्हणून मुलांनी त्यांना ते नाव दिलेलं. हळूहळू आम्हीही त्यांच्यामागे तेच वापरू लागलो. त्यांची पावलं वाजली की अख्खा मजला चिडीचूप व्हायचा. त्यांनी कुणावर हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. नुसतं बघायचे. लग्न केलेलं नव्हतं. धाकट्या बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहायचे.

चारआठ दिवसांनी मधल्या सुट्टीत ते माझ्या टोकाला येऊन बसले. हे आजवर कधी झालं नव्हतं.

"बाई, तुम्ही भाषा शिकवता म्हणून विचारतो. एखाद्या पुस्तकाचा पहिला भाग असा मध्येच तोडून संपवणं, हे तुमच्यात चालतं का?"

"कुठे तोडलाय?"

इकडेतिकडे बघून त्यांनी हलक्या आवाजात गोष्ट सांगितली. एका अंतराळयानाच्या स्वयंपाकघरात एक म्हातारा ड्रॅगन नोकरीला आहे. तोंडातल्या आगीवर चहाचं पाणी उकळायचं हे त्याचं काम. वय झाल्यामुळे आग मंदावली आहे, चहा कोमट येतो, कप्तान रोज तक्रार करतो. शेवटी त्याला निवृत्त करतात. पेन्शनची कचेरी ज्या ग्रहावर आहे तिथला एक दिवस आपल्या चाळीस वर्षांचा, आणि हा पोहोचतो तेव्हा तिथे नुकतीच जेवणाची सुट्टी झालेली असते. म्हणून तो खिडकीपुढे रांगेत उभा राहतो. त्याच्या पुढे एक झाड असतं, आणि ते झाड रांगेत उभं राहिलं तेव्हा बी होतं.

इथे सरांना हसण्याने बोलवेना. त्यांनी रुमाल तोंडावर धरला.

"आणि शेवटी?" मी विचारलं.

"शेवटी खिडकी उघडते, आणि आतून त्याची आई डोकावते. दोनशे वर्षांपूर्वी वारलेली. संपला भाग." त्यांनी रुमालाची घडी घातली. "माझ्यासारख्या माणसानं असलं काही वाचावं का, सांगा. पोरकटपणा आहे निव्वळ. आमच्या घरात हातात गोष्टीचं पुस्तक दिसलं की वडील म्हणायचे, अभ्यास संपला वाटतं. तो काही कधी संपला नाही. आणि आता हे दुसऱ्यांदा वाचतोय, तेही कपाटामागे बसून."

"मग दुसरा भाग विकत घ्या ना."

"दुकानात जाऊन काय मागू? समोर आपलेच माजी विद्यार्थी उभे असतात, बाई."

ते पुस्तक सातवीतल्या एका मुलीचं होतं. जप्त केलेली वस्तू वर्ष संपेपर्यंत पर्यवेक्षकांच्या कपाटात राही, आणि ती न्यायला पालकांना यावं लागे. मुलगी शांत, शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी. तिने पुस्तक परत मागितलं नव्हतं. पण गणिताच्या तासाला सरांना दिसू लागलं की ती पुन्हा मांडीवर काहीतरी वाचतेय. गाल आत ओढलेले, ओठ दाताखाली, आणि श्वास रोखून धरलेला. कशावर हसू दाबतेय हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, सरांना कळलं. तिच्याजवळ दुसरा भाग आला होता.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते पर्यवेक्षक म्हणून त्यांच्या अधिकारातलं होतं. एका सकाळी सातवीच्या वर्गात जाऊन त्यांनी सांगितलं, "दप्तरं बाकावर ठेवा. कोण गाईड आणतंय ते बघायचंय." आमच्या शाळेत गाईडं आणायला बंदी होती, आणि दप्तरं अधूनमधून तपासली जात. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पहिल्या चारपाच रांगा त्यांनी भराभर उरकल्या. दप्तरात नुसतं वरवर बघायचे आणि पुढे जायचे. त्या मुलीच्या दप्तरात मात्र त्यांनी तळापर्यंत हात घातला. तळाशी टॉवेलात घट्ट गुंडाळलेलं काहीतरी लागलं. जाडी बरोबर पुस्तकाएवढी.

"सर, ते नको," मुलगी म्हणाली. तिला वर्गात एवढं बोलतानाही फारसं कुणी ऐकलं नव्हतं.

सरांनी ते सगळ्यांसमोर उलगडलं. आत तिचा जास्तीचा परकर होता आणि चड्डी.

वर्ग हसला. काटकोन सरांच्या तासाला वर्ग हसल्याचं शाळेत कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे एकदा सुटलेलं हसू लवकर थांबेना. मुलीने टॉवेल त्यांच्या हातातून घेतला, दप्तर उचललं आणि ती घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, त्या आठवड्यात आली नाही, पुढच्याही नाही.

शिक्षकांच्या खोलीत सरांना कुणीच बोल लावला नाही. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "तपासणी म्हटली की असं एखादं व्हायचंच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." चित्रकलेच्या सरांनी तर पाठ थोपटली. सर मान खाली घालून ऐकत राहिले. शाबासकी मिळाली की त्यांचा चेहरा जास्तच पडायचा. डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे.

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर ते माझ्यासाठी फाटकाशी थांबले होते.

"बाई, मी गाईड शोधत नव्हतो."

"मला वाटलंच होतं."

"तिच्या आईने निरोप पाठवलाय, तिला मावशीच्या गावी शाळेत घालणार आहेत म्हणे. मला त्यांच्या घरी जायचंय. एकट्याने दार वाजवायचं धाडस होत नाही. याल का?"

मुलीच्या आईचं लाँड्रीचं छोटं दुकान होतं, आणि मागच्या खोलीत दोघी राहायच्या. आम्ही पोहोचलो तेव्हा ती इस्त्री करत होती. खोलीभर ओल्या कापसासारखा उबदार वास. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दांडी, आणि तिला लोकांचे शर्ट ओळीने टांगलेले. त्या शर्टांच्या खालून दोन पावलं दिसत होती, तेव्हा मुलगी पलीकडे बसली आहे हे कळलं.

आईने इस्त्री उभी करून आम्हाला स्टुलं दिली. "सर, तुम्ही कशाला आलात? तुम्ही तुमचं काम केलंत. शिक्षकांनी तपासायचं नाही तर कोणी? हिलाच मी म्हटलं, आधी सांगून ठेवायला हवं होतंस. हिला बरं नसतं, सर. हसली की कपडे ओले होतात. लहानपणापासून आहे. डॉक्टर म्हणतात वयानुसार जाईल. एरवी काही लागत नाही तिला. पण ती कसली तरी गमतीची पुस्तकं वाचते. घरी वेळ मिळत नाही, मला हाताखाली लागते, म्हणून शाळेत नेते. आणि नेते त्या दिवशी कपडे घेऊन जाते."

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि ते बघत होते ते जमिनीकडे. तिथूनच उठून निघालो असतो तर काही बिघडलं नसतं. आईने त्यांना माफ केलं होतं, आमच्यासाठी चहा ठेवायला ती वळलीही होती. फक्त मुलगी मावशीच्या गावी गेली असती.

"ताई, चहा नको," सर म्हणाले. "मी गाईड शोधत नव्हतो. हिचं पुस्तक शोधत होतो."

"जप्त करायला?"

"वाचायला."

आईला अर्थ लागेना. "म्हणजे? पोरांचं पुस्तक?"

"पहिला भाग हिच्याकडूनच घेतला होता. दोनदा वाचला. दुसरा हवा होता आणि मागायची लाज वाटली. म्हणून सगळ्या वर्गाची दप्तरं उघडली."

आईचा चेहरा बदलला. मघाचा आदर गेला, आणि मला वाटतं सरांना त्यानेच थोडं हलकं वाटलं असावं. "माझ्या मुलीचे कपडे तुम्ही चाळीस पोरांपुढे उलगडलेत," ती सावकाश म्हणाली, "गोष्टीच्या पुस्तकासाठी?"

"हो."

"पांढरे केस झालेत तुमचे."

"हो."

शर्टांच्या पलीकडून आवाज आला, "बाकाच्या खणात होता. दुसरा भाग. तुम्ही दप्तरंच बघत होतात." मग थोड्या वेळाने, "मागितला असता तर दिला असता."

सरांचे कान लाल झाले होते. माझ्या समोर शाळेत उभी केलेली कितीतरी मुलं मला आठवली. अगदी तशीच मान त्यांनी खाली घातली होती.

"मावशीकडे जायचं नाहीये मला," मुलगी म्हणाली. "पण वर्गात येणार कशी? सगळे मला काहीतरीच नावं ठेवतील."

"मी काय करू, सांग."

"आत्ता आईला सांगितलंत ते वर्गाला सांगा. मी नसताना."

"मोठ्या बाईंना कळलं तर?" मी मध्येच म्हटलं. मला त्यांची काळजी वाटली. सरांजवळ दुसरं काय होतं? पावलं वाजली की मजला गप्प होतो, एवढीच त्यांची कमाई होती.

"कळू दे," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझा तास शेजारच्याच वर्गात होता. मधे पातळ लाकडी भिंत. मी मुलांना शुद्धलेखन लिहायला दिलं आणि खरं सांगायचं तर कान तिकडे लावून बसले. सरांनी एकही आडपडदा न ठेवता सांगितलं. ड्रॅगन सांगितला, कपाटामागची खुर्ची सांगितली, गाईडांचं निमित्त खोटं होतं हे सांगितलं. सुरुवातीला कुणाला खरंच वाटेना. मग एक जण फिसकन हसला, मग दुसरा, आणि पाहता पाहता सगळा वर्ग हसत सुटला. माझ्या वर्गातली मुलंही पेनं खाली ठेवून भिंतीकडे बघू लागली.

सर हसू संपायची वाट बघत उभे राहिले असावेत. मग त्यांचा तोच सपाट आवाज आला. "ती आजारी आहे म्हणून कपडे आणते. त्या दिवशी हसलात तेवढं आता माझ्यावर हसून झालं असेल, तर ती आल्यावर पुन्हा नको."

मग मागून एका मुलाने विचारलं, "सर, आई खिडकीत कशी आली पण?"

"मला माहीत नाही. मी दुसरा भाग वाचलेला नाही."

सोमवारी मुलगी आली. दाराजवळच्या बाकावर बसली, आणि तिला न विचारता बाहेर जायची मुभा मिळाली. तिला कुणी काही म्हटलं नाही, कारण म्हणायला मुलांना आता सर मिळाले होते. शिक्षकांच्या खोलीच्या दारावर खडूने चष्मेवाला ड्रॅगन काढला जाई. जिन्यात पावलं वाजली की कुणीतरी वरून ओरडे, "चहा कोमट आहे." सर मान खाली घालून जात. ड्रॅगन शिपाई पुसायचा, सरांनी स्वतः कधी पुसला नाही. वर्षाअखेरीस मोठ्या बाईंनी पर्यवेक्षकपद दुसऱ्याला दिलं. शिस्त ढासळली म्हणाल्या, आणि त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही.

वर्गाला सांगितलं त्याच दिवशी त्यांनी पहिला भाग तिला परत पाठवला होता. दुसरा तिने दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही. काही वर्षांनी शाळा सोडून जाताना ती माझ्या पाया पडली, त्यांना लांबूनच "येते सर" म्हणाली. "एवढं म्हणाली हेही पुष्कळ," ते मला म्हणाले होते.

निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळे भाग आणवले, पण बहिणीकरवी. दुकानदाराला तिने भाच्यासाठी हवेत म्हणून सांगितलं. दोघांनाही भाचा नाही. मी महिन्यातून एकदा जाते. आई खिडकीत कशी आली ते मी विचारलं, तर म्हणाले, "वाचा की." मी अजून वाचलेलं नाही. त्या प्रकारच्या गोष्टींची मला गोडी नाही, आणि तसं त्यांना सांगितलं की ते गडबडीने विषय बदलतात, जणू मीच त्यांना कपाटामागे पुन्हा एकदा पकडलंय.

आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. बहीण वाचून दाखवते, बातम्या वाचाव्यात तशी, एका सुरात; तिला त्यात काय हसायचं ते कळत नाही. सध्या चौथा भाग चालू आहे. वाचायला बसण्याआधी ते तिला रस्त्याकडची खिडकी लावून घ्यायला सांगतात.