वखारीतल्या बायकांचा पेपर

शंकर कांबळे आज सकाळी गेला. रविवारच्या शोकसभेत मी त्याच्यावर बोलावं म्हणे.

मला माझीच किळस येतेय.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. बेळगावात एका कॉलेजात आम्ही दोघं सोशिऑलॉजी शिकवायचो. अमेरिकेत आमच्यासारख्या लेक्चररांसाठी सहा आठवड्यांचा सेमिनार होता. प्रिन्सिपॉलनी एकाचंच नाव कळवायचं होतं.

शंकरचा पेपर तयार होता. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांवर. त्याची आई त्यातलीच. दोन वर्षं दर रविवारी बस पकडून जायचा, त्या बायकांजवळ बसून लिहून घ्यायचा.

माझ्याकडे काय होतं? इस्त्रीचा शर्ट आणि वकील वडील.

प्रिन्सिपॉलनी दोघांना खासबागेतल्या घरी जेवायला बोलावलं. "तिकडे काट्या-चमच्यानं जेवावं लागतं. बघू कुणाला जमतंय."

जेवणाची परीक्षा! डबल एम.ए. माणूस घेत होता.

शंकर घरी सराव करून आला होता. नीटनेटका जेवला. माझा बटाटा उडून टेबलाखाली गेला.

नाव माझं गेलं.

"कांबळे हुशार आहेत हो, पण चार लोकांत शोभायला नको का?" प्रिन्सिपॉल मला म्हणाले.

अर्थ मला पक्का कळला होता. तरी "हो सर" म्हणालो. थू!

शंकरनं पेपर स्वतःहून माझ्या हातात ठेवला. "तू तरी वाच की रं. आईला सांगितलंय, तुमचं गाऱ्हाणं अमेरिकेला चाललंय म्हणून."

वाचला. माझ्या नावावर.

लोक उठेचनात. तासभर प्रश्न. खोकला किती वर्षांनी धरतो? तान्ही पोरं कुठं ठेवतात? मालक औषधपाणी करतो का? मला एकाचंही धड उत्तर देता येईना. तेव्हाही "हे काम माझ्या मित्राचं आहे" एवढं तोंडातून निघालं नाही. शेवटी तिथले एक प्रोफेसर म्हणाले, "पुढच्या वर्षी हे काम पुरं करून परत या."

परत आलो तर शंकर स्टँडवर उभा.

"आई सारखं इचारतीया. कुणी काय इचारलं काय रं?"

"न्हाय रं. वाचून झालं, लोक चहाला उठले."

"व्हय. आमच्या बायकांचं कोण ऐकतंय?"

त्यानंतर त्यानं कधी काही लिहिलं नाही. रिटायर होईपर्यंत नुसत्या नोट्स सांगितल्या. मी मात्र 'फॉरेन रिटर्न' म्हणून हार घालून घेतले.

शंकर, तासभर विचारत होते रे. चहा गार झाला त्यांचा.

रविवारी हेच सांगणार आणि खाली बसणार.

तुला श्रद्धांजली वाहायची माझी लायकी नाही. ये आता, मित्रा.