तमोदंष्ट्राचं वजन

कारखान्यात त्याला सगळे लालचिठ्ठी म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच बरं होतं. कारखान्यात गॅसचे रेग्युलेटर बनत आणि हा ते तपासे. सव्वीस वर्षं तेच स्टूल, तोच काटा, तोच दिवा. ठीक असेल त्याला हिरवी चिठ्ठी, नसेल त्याला लाल. हिरवी लावताना तो असा चेहरा करी, की रेग्युलेटरलाच ओशाळल्यासारखं व्हावं.

खणात पिवळ्या चिठ्ठ्यांचाही एक गठ्ठा होता. ‘दोष आहे, तरी मंजूर’ असं त्यांच्यावर छापलेलं, खाली कारणासाठी एक ओळ आणि जबाबदार माणसाच्या सहीसाठी दुसरी. त्याने त्यातली एकही कधी वापरली नाही. दमट हवेने सगळा गठ्ठा चिकटून एक फिकट वीट झाला होता.

बायको घरी बसून रफूचं काम करी. खिडकीशी शिलाईचं मशीन, शेजारी बटणांचे डबे, खुंटीवर लोकांचे कोट. जळलेलं, कुरतडलेलं, फाटलेलं तिच्याकडे येई आणि काहीच न घडल्यासारखं परत जाई. ‘दिसलं तर ते रफू नव्हे,’ असं ती म्हणे. तो म्हणे, ‘दिसलं नाही म्हणून भोक नाही, असं होत नाही.’ एवढ्या एका वादावर दोघांचा संसार नीट चालला होता. वाद शिळा झाला की दोघं तो पुन्हा गरम करून घेत.

कारखान्याच्या वर्धापनदिनाला साहेबांनी कर्मचाऱ्यांच्या छंदांचं प्रदर्शन ठरवलं. कामगारांना छंद असतात, हे साहेबांना कुठल्याशा शिबिरात कळलं होतं. चहाच्या सुट्टीत फोरमन लालचिठ्ठीच्या स्टुलाला टेकून म्हणाला, “तू काय ठेवणार? चिठ्ठ्या?”

“मला छंद नाही.”

“आहे की. दुसऱ्याच्या कामात बोट घालणं. बोट घालायला काय लागतं रे? एक बोट. करायला दहा लागतात.”

आजूबाजूचे हसले. लालचिठ्ठीने हातातला रेग्युलेटर खाली ठेवला. “मी केलेली वस्तू माझ्याच तपासणीत पास झाली तर?”

“तर तुझ्या लाल चिठ्ठीवर मी जन्मात तोंड उघडणार नाही. आणि नाही झाली, तर तू उघडायचं नाहीस. मी पाठवेन त्याला हिरवी लावायची. गुपचूप.”

त्याने मान हलवली. गॅस जळणाऱ्या किती घरांच्या वतीने आपण मान हलवली, हे घरी जाताना त्याच्या लक्षात आलं.

त्याने प्लास्टिकचे खेळण्यातले ठोकळे निवडले. कारण त्याच्या मते साधं होतं: ते सगळे आधीच मापात असतात, बिघडवायला वाव कमी. रणगाडा करायचा ठरवला, तोही पुढच्या शतकातला. आजचा केला असता तर कुणीतरी खऱ्याशी ताडून पाहिला असता. पुढच्या शतकातून तक्रार घेऊन कोण येणार? पाच महिने तो मशीनच्या टेबलाची अर्धी बाजू अडवून बसला. चार साखळी पट्टे, फिरता घुमट, निळ्या पारदर्शक ठोकळ्यांची किरणांची तोफ. ठोकळे एकूण दोन हजार तीनशे चौदा. प्रत्येक प्रकारचा एक ठोकळा त्याने कारखान्याच्या काट्यावर तोलून आणला होता आणि संपूर्ण रणगाड्याचं वजन वहीत आगाऊ मांडून ठेवलं होतं: दोन किलो चारशे बारा ग्रॅम, इकडे-तिकडे एक ग्रॅम चालेल. खेळणं वजनाने तपासणारा तो बहुधा पहिलाच माणूस असावा.

“ह्याच्या आत कोण बसतं?” बायकोने दोरा ओवता ओवता विचारलं.

“कुणी नाही. तेव्हा माणसं लागणार नाहीत.”

“मग मरतं कोण?”

“बाहेरचे.”

“म्हणजे तेवढी लागतील,” ती म्हणाली आणि दोऱ्याला गाठ मारली.

नावाच्या रकान्यात त्याने ‘रणगाडा, नमुना एक’ लिहिलं होतं. ते तिला अगदीच कपड्याच्या पावतीसारखं वाटलं. ती वाचनालयातून चेटकी, ड्रॅगन आणि बुडालेल्या राज्यांच्या जाडजूड कादंबऱ्या आणून वाची. तिने खोडून लिहिलं: ‘तमोदंष्ट्र’. अंधाराचा दात. त्याने शब्दकोशात पाहून घेतलं आणि हरकत नाही म्हणाला. धूळ बसू नये म्हणून तमोदंष्ट्रावर रोज रात्री तिची अंघोळीची प्लास्टिकची टोपी घातली जाई.

प्रदर्शन कँटीनमध्ये होतं. कुणी शंख, कुणी काडेपेट्या, साहेबांच्या पत्नीने फुलांची रचना. ती रचना मधल्या टेबलावर होती आणि तिच्याभोवती आदराने जागा सोडलेली होती. तमोदंष्ट्र कोपऱ्यात, चहाच्या किटलीशेजारी. तरी गर्दी तिथेच होती, कारण पैजेची बातमी सगळ्यांना होती. फोरमनने काटा स्वतः उचलून आणला आणि चिठ्ठ्यांचा खणही.

लालचिठ्ठीने पट्टे फिरवून पाहिले. घुमट फिरवला. प्रत्येक सांध्यावर नखाने टकटक केली. मग रणगाडा काट्यावर ठेवला.

दोन किलो चारशे तेरा पूर्णांक सहा.

त्याने उतरवून पुन्हा ठेवला. तेच.

“एक पूर्णांक सहा ग्रॅम जास्त,” तो म्हणाला. आवाज नेहमीचाच होता, रेग्युलेटरबद्दल बोलावं तसा.

“धूळ असेल हो,” साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. “द्या हिरवी. पाहुणे येतायत.”

“धूळ इतकी नसते. आत काहीतरी आहे.” त्याने घुमटाला हात घातला.

बायको गर्दीतून पुढे आली होती. ती हळूच म्हणाली, “अहो, उघडू नका.”

त्याचा हात थांबला.

“परवा तो तातडीचा कोट होता ना. जागा करायला हे उचललं, घुमट निसटला. एक राखाडी ठोकळा गेला मोरीच्या जाळीतून खाली. सापडला नाही.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “दोन बटणं चिकटवली, घासून बसवली. राखाडीच आहेत. कोटाची.”

“सांगायचं ना.”

“सांगितलं असतं तर तुम्ही पाच महिन्यांचं सगळं सुटं करून बसला असता. आणि सव्वीस वर्षांत मी ह्या घरात काय काय असं बसवलंय, ते कधी काट्यावर ठेवलंत का? तेव्हा बरं चालून गेलं.”

कुणीतरी खोकलं. फोरमनने खणातून लाल चिठ्ठी काढून त्याच्यासमोर धरली. इतकी वर्षं दोष नसतोच म्हणून भांडणारा माणूस आज दोषाच्या बाजूने उभा होता, आणि ते त्याला शोभतही होतं.

लालचिठ्ठीने घुमट काढला. आतली बटणं शोधायला त्यालासुद्धा बराच वेळ लागला. मग त्याने घुमट परत बसवला, लाल चिठ्ठी बाजूला सारली आणि खणातली ती फिकट वीट उचलली. एक कोपरा सोडवायला गेला तर फाटायला लागला.

“आणा इकडे,” बायको म्हणाली. तिने गठ्ठा किटलीच्या वाफेवर धरला, फिरवला, सुईच्या टोकाने एक पापुद्रा उचलला. अख्खी चिठ्ठी निघाली, कुठेही न फाटता.

कारणाच्या ओळीत त्याने लिहिलं: ‘रफू’. खालच्या ओळीवर तिने सही केली.

“ही पास की नापास?” फोरमन म्हणाला.

“दोन्ही नाही,” लालचिठ्ठी म्हणाला. “पैज फिटली नाही, मोडलीही नाही. वाच, छापलंय.”

पहिलं बक्षीस फुलांना मिळालं. दुपारपर्यंत ती माना टाकून बसली होती.

सोमवारी फोरमन चाळीस रेग्युलेटरची पेटी घेऊन स्टुलापाशी आला. आटे वाकडे होते. दोघांनाही दिसत होते. तो आज वेगळ्याच गोडीत होता.

“पिवळी लाव की. आता वाट मोकळी झालीय.”

लालचिठ्ठीला हे रविवारी सकाळीच सुचलं होतं आणि तेव्हापासून त्याला जेवण गेलं नव्हतं. एकदा घरात दिलेली सवलत दुसऱ्या दिवशी रस्ता मागते. त्याने गठ्ठा टेबलावर ठेवला. तो थंड होऊन पुन्हा वीट झाला होता.

“चिकटल्यात.”

“वाफेवर धर.”

“मला जमत नाही. बायकोकडे ने. पण ती कुठलंही काम हातात घेताना आधी विचारते, हे अंगावर कोण घालणार. नाव सांगावं लागतं.”

फोरमनने पेटीकडे पाहिलं. त्याच्याही घरी शेगडी होती.

“तुझं सांगू?” लालचिठ्ठीने विचारलं.

लालचिठ्ठीने लाल चिठ्ठ्यांचं पुस्तक उघडलं आणि एकेक फाडायला लागला. चाळीस. फोरमन तिथेच उभा राहिला आणि थोड्या वेळाने चिठ्ठ्यांना दोरे बांधायला लागला.