सढळ हाताचे दोन थेंब

निमगाव साव्यात कुशाबाईच्या घरी चहाला जायचं तर दुपारचं जेवण जरा कमीच करावं. तिच्या चहात साखर चमच्याने पडत नाही, मुठीने पडते. बोटभर विरजण मागायला आलेली बाई तांब्याभर दही घेऊन परतते. आमटी इतकी तिखट, की पाहुणा डोळे पुसत जेवतो, आणि त्याला गहिवरून आलंय असं समजून कुशाबाई अजून एक पळी वाढते. गावात कुणाच्या लग्नात डाळ पातळ झाली की बायका म्हणतात, "कुशाबाईचा हात लागला नसंल." हे कानावर आलं की ती पदर सावरते आणि न ऐकल्यासारखं करते. साठी उलटली तरी तेवढं एक वाक्य तिला वर्षभर पुरतं.

या हाताला एकाच ठिकाणी बंदी होती. टोमॅटोच्या फवारणीला. तिथे तिच्या नवऱ्याचं, भगवंताचं राज्य. पंपाला औषधाचं एक झाकण म्हणजे एकच झाकण. तेही बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून, चिमूटभर माती उडवून वारा बघून. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. तो असा निघाला की कुशाबाई म्हणायची, "निघालं चंद्रावर!" पण त्या बाटल्यांना ती स्वतः कधी हात लावत नसे. त्यांच्यावर लाल खूण आणि कवटी असायची. कवटीला ती मानत असे.

श्रावण लागताना तिची सून श्रेया पिंपरीहून आली. सासूचे गुडघे धरलेत हे तिला फोनवर कळलं होतं. तिने एक लाकडी डबी आणली होती. आत झाडपाल्याच्या अर्कतेलांच्या, काळपट काचेच्या चार बाटल्या, करंगळीएवढ्या. लॅव्हेंडर, टी-ट्री, निलगिरी, पुदिना. वर पानाफुलांची सुरेख चित्रं.

"आई, हे नुसतं अंगाला लावायचं नाही," श्रेया म्हणाली. "चमचाभर खोबरेल घ्यायचं आणि त्यात दोन थेंब. पोटात तर घ्यायचंच नाही."

"दोन?"

"दोनच."

"आगं, आमच्यात मांजराला बी दूध दोन थेंब वाढत न्हाईत."

"मांजराला तर हे अजिबात नको, त्याच्या आसपाससुद्धा," श्रेया घाईने म्हणाली. "आणि लहान मुलांच्या नाकातोंडाजवळ निलगिरी, पुदिना न्यायचा नाही. त्यांच्या श्वासाला त्रास होतो."

कुशाबाईने मान हलवली. पोरगी गुणाची आहे, पण शहरात राहून हात आखडलाय, एवढंच तिच्या मनात आलं.

गुडघे बरे व्हायची तिला घाई होती, आणि तिचं कारण होतं भिंतीपलीकडे. तिथे तिची चुलतजाऊ सोनीबाई राहायची. दोघी एकाच साली लग्न होऊन गावात आल्या. तेव्हापासून दर नागपंचमीला मारुतीच्या देवळापुढे दोघींची फुगडी व्हायची, आणि दरवेळी सोनीबाई आधी हात सोडायची. औंदा मात्र तिने कुशाबाईला लंगडताना पाहिलं होतं.

"कुशे, या टायमाला बसूनच बघ फुगडी," ती भिंतीवरून म्हणाली होती. "मी पाट आणते तुला."

तो पाट कुशाबाईच्या मनातून हलेना.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी भगवंत रानात होता, श्रेया पिंपरीला परतली होती. कुशाबाईने डबी उघडली. चमचाभर खोबरेलात पुदिन्याचे दोन थेंब टाकून पाहिले. कुठे गेले तेही कळलं नाही. तिने बाटली फिरवून फिरवून पाहिली. कवटी नव्हती. पुदिन्याचं पान होतं. पुदिना तर चटणीला आपण जुडीच्या जुडी वाटतो! तिने चमचा बाजूला ठेवला आणि अर्धी बाटली एका गुडघ्यावर ओतली, उरलेली दुसऱ्यावर. खसाखसा चोळलं, घोंगडीचा तुकडा गुंडाळला, वर शेकायला गरम वीट ठेवली.

आधी गार वाटलं. थंडीत पहाटे विहिरीत पाय सोडल्यासारखं. सुनेला फोन करून दोन गोष्टी सुनावाव्यात, असंही तिच्या मनात आलं. मग मुंगी चावली. मग मुंग्यांचं वारूळ फुटलं. तिने घोंगडी भिरकावली, नळाकडे धावली आणि बादलीभर पाणी ओतलं. त्या पाण्याबरोबर आग खाली नडगीपर्यंत उतरली.

भगवंत दारात आला तो तसाच, मास्क आणि मोज्यांसकट.

"काय झालं? इंचू का?"

"पुदिना!"

"पुदिना चावला?"

तिने रिकामी बाटली दाखवली. त्याने चष्मा वर करून ती वाचली.

"किती लावलं?"

"थोडं," कुशाबाई म्हणाली.

उभ्या संसारात तिच्या तोंडून हा शब्द भगवंताने कधी ऐकला नव्हता. तो घाबरला. तिच्याकडून खरं काढून घेऊन त्याने श्रेयाला फोन लावला.

"पाणी ओतत बसू नका," पलीकडून श्रेया म्हणाली. "खिडक्या उघडा. फडक्यावर साधं गोडेतेल घेऊन आधी पुसून काढा, मग साबणाने धुवा. फोड आले तर सरळ डॉक्टरकडे. आणि आई, अर्धी अर्धी बाटली?"

भगवंताने खाली बसून गुडघे पुसले. मास्क काढला नाही.

"अवो, त्ये तरी काढा. मी काय करपा पडलेलं टोमॅटोचं झाड हाय व्हय?"

"वास बघ घरात. आमचं औषध बरं याच्यापरीस."

चुलीपाशी झोपणारं मांजर केव्हाच कुंपणाच्या भिंतीवर जाऊन बसलं होतं. आत यायचं नाव काढेना.

आग हळूहळू ओसरली, फोड आले नाहीत. लाली मात्र राहिली. "ह्ये भायेर जायला नको," कुशाबाईने नवऱ्याला बजावलं. "सोनीला कळलं तर मला मरेपतुर पुदिना म्हणंल."

संध्याकाळी तीच सोनीबाई वाटी घेऊन दारात. वास भिंत ओलांडून गेला होता, आणि तिला तो निलगिरीचा वाटला होता.

"कुशे, सुनेनं निलगिरी आणलीय म्हण की! नातीला सर्दी झालीय. नाकाखाली लावीन म्हणते. दे थेंबभर."

कुशाबाईचा हात सवयीने डबीकडे गेला. लुगड्याखाली गुडघा हुळहुळला. हात परत आला.

"न्हाई देणार."

सोनीबाई हसली. "आगं, थेंब म्हणते मी. डबा न्हाई मागितला."

"एवढुशा पोरीला चालत न्हाई ते. दवाखान्यात ने तिला."

"आपल्या सासवा पाला उकळून वाफ घ्यायच्या. त्या काय मेल्या?"

"त्या पाल्यात आन् ह्याच्यात लई फरक हाय."

"तुला गं कसा कळला फरक?"

उत्तर लुगड्याखाली होतं. कुशाबाईने लुगडं आणखी खाली ओढलं. सोनीबाईने रिकामी वाटी उपडी करून दाखवली.

"ठेव जपून. सून शहरातली, आता सासू बी शहरातली झाली."

नागपंचमीला दिंडं उकडून होईपर्यंत आळीत सगळ्यांना कळलं होतं, की कुशाबाईने तान्ह्या पोरीला एक थेंब नाकारला. देवळापुढे लिंबाला झोका बांधला होता. मेंदीचे हात जोडीने गुंफले जात होते. कुशाबाईपुढे कुणी हात केला नाही. ज्या बायका तिच्या घरचं दही तांब्यांनी नेत, त्या एकदम झोक्याची गाठ तपासू लागल्या.

"कुशे, हात देतीस का," सोनीबाई मोठ्याने म्हणाली, "का त्यो बी डबीत ठेवलाय?"

बायका हसल्या. कुशाबाईला वाटलं, असंच उठावं आणि घरी जावं. गुडघा झाकलेला राहील. चिकट म्हणतील, म्हणू देत. चार महिन्यांत विसरतील.

तेवढ्यात सारजाबाई, चार घरं पलीकडची, सोनीबाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे गं. माझ्या घरात हाय निलगिरीचं तेल. जाताना घेऊन जा, लाव नातीला."

कुशाबाई उठली. लंगडत मधोमध आली, आणि सगळ्या बायकांसमोर तिने लुगडं गुडघ्याच्या वर घेतलं. फुगड्या थांबल्या. दोन्ही गुडघे बाजारात पहिल्या नंबरला जाणाऱ्या टोमॅटोसारखे लाल होते.

"बघा गं बायांनो, नीट बघा! सुनेनं दोन थेंब सांगितलं व्हतं. मी बाटली वतली. खोबरेल न्हाई, काय न्हाई. माझ्या साठ वर्साच्या कातड्याचं ह्ये झालं. त्या लेकराच्या नाकाचं काय व्हईल? सोने, मी येडी हाय. लई येडी हाय. पर चिकट न्हाई!"

सोनीबाई वाकली. एक गुडघा पाहिला, मग दुसरा.

"सगळी बाटली?"

"दोन्ही गुडघ्यांना मिळून."

"आन् वर शेकलं बी?"

"ईट ठिवली."

सोनीबाईच्या ओठांची कड हलली. "म्हंजे तू गुडघ्याला बी आमटीच वाढली म्हण!"

मग जे हसू फुटलं त्यात झोक्यावरची पोर उतरून विचारायला आली, काय झालं म्हणून. सोनीबाईने हसत हसतच हात पुढे केले. फुगडी लागली, पण दर गरक्याला तिला ते लाल गुडघे दिसायचे आणि हसू यायचं. अखेर तीच हात सोडून मातीत बसली. कुशाबाई म्हणते, मी जिंकले. सोनीबाई म्हणते, गुडघा दाखवून जिंकणं ही लबाडी आहे. तो वाद अजून मिटलेला नाही. नातीला मात्र त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं.

घरी आल्यावर भगवंताने डबी उंच फडताळात ठेवली आणि रिकाम्या पुदिन्यासकट चारही बाटल्यांवर, नातवंडं सुट्टीत विसरून गेलेल्या स्केचपेनने, एकेक कवटी काढली. चित्रकला बेताची असल्यामुळे कवट्या हसऱ्या झाल्या. कुशाबाईने त्या मानल्या.

पंचमीनंतर काही दिवसांनी सोनीबाई पुन्हा वाटी घेऊन आली. आता तिचीच पाठ धरली होती. कुशाबाईने लॅव्हेंडरची बाटली भगवंतासारखी डोळ्यांसमोर धरली, वाटीत चमचाभर खोबरेल घेतलं आणि त्यात थेंब सोडले. एक. दोन. टोपण घट्ट लावलं.

सोनीबाईने वाटीत डोकावून पाहिलं. "आखडलाच म्हणायचा शेवटी हात."

कुशाबाईने खोबरेलाचा डबा उचलला आणि वाटीत धार धरली. तेल काठाला आलं, काठावर फुगलं, सोनीबाईच्या मनगटावरून ओघळलं तरी धार थांबेना.

"आगं बास, बास!"

"थेंब सुनेच्या मापानं," कुशाबाई म्हणाली. "तेल माझ्या."

सोनीबाई दोन्ही हातांनी वाटी धरून, एकेक पाऊल जपून टाकत अंगणातून निघाली. वास येताच भिंतीवरच्या मांजराने लांब सरकून तिला वाट दिली.